मुका प्लग

१

नीलकंठरावांचं नाव पुकारलं गेलं आणि पुढं नुसती खरखर आली.

इंदूताई तुळशीपाशी दिवा ठेवून नुकत्याच आत आल्या होत्या. टेबलावर हातात मावेल एवढा रेडिओ-सेट चालू होता. रायपुरातले मूठभर हौशी रेडिओवाले, रीतसर परवाना घेतलेले, रोज दिवेलागणीला या सेटवर एकमेकांची हजेरी घेत. हजेरी घ्यायचे बीरगांवचे नरहरी. सिलतऱ्याच्या कारखान्यात जन्म घालवून आता घरी बसलेले. ते एकेक नाव घ्यायचे, तो माणूस बोलायचा. गुडघे कसे आहेत, भाजी काय केली, पाणी आलं का. एवढंच. पण ज्याच्या घरात दुसरा आवाज नाही त्याला एवढंही पुष्कळ होतं.

"नीलकंठ, असशील तर बोल," नरहरी दुसऱ्यांदा म्हणाले. थोडं थांबले. "नाही? ठीक. पुढं जाऊ."

दसऱ्यापासून हे असंच चाललं होतं. सगळे म्हणत, म्हातारा रुसला. दसऱ्याच्या आधी नरहरी आणि नीलकंठराव यांची जुंपली होती, तेव्हा ते खरंही वाटे. पहिले चार दिवस इंदूताईंनीही रुसवाच समजून सोडून दिलं. मग सेटवरच विचारलं असतं, पण कोजागिरीपासून त्यांचं कार्तिकस्नान सुरू झालं होतं, आणि त्या नेमात दिवेलागणीपासून पहाटेच्या काकड्यापर्यंत त्यांचं मौन असे. ऐकायचं, बोलायचं नाही. यजमान गेल्यापासून त्यांनी हा नेम मोडला नव्हता.

मौन धरलं की कान तिखट होतात. रुसलेला माणूस असा सलग गप्प राहत नाही, हे त्यांना आतून वाटत होतं. रुसलेल्याला आपला रुसवा दाखवायचा असतो. एखाद्या संध्याकाळी तो टोमणा मारायला तरी येतोच. ही शांतता रुसव्याची नव्हती.

सकाळी काकडा आणि पूजा उरकून त्या रिक्षात बसल्या, तात्यापाऱ्यात उतरल्या आणि नीलकंठरावांच्या घराचा जिना चढल्या.

दार सुनेनं उघडलं. शर्मिष्ठा. गोरीशी, अंगानं बारीक, हसली की लगेच हसू आवरून घेणारी. "या ना काकू," म्हणाली आणि बाजूला सरली. दाराशीच एक बॅग अर्धी भरून ठेवलेली होती. वर स्वेटर, कानटोपी, जपमाळेची गोमुखी.

नीलकंठराव आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचं माणूस त्यांना आवाजावरूनच ओळखावं लागे.

"कोण, इंदूताई? आली का आठवण? मले वाटलं, तुम्हीपण त्या पार्टीत सामील झाल्या."

"कोणत्या पार्टीत, भाऊ?"

"नीलकंठाशी बोलायचं नाही, त्या पार्टीत."

"अहो, उलटं बोलता. नाव तर तुमचं रोज पुकारतात. तुम्हीच उत्तर देत नाही."

म्हातारा खुर्चीत पुढं सरला. "मी देत नाही? रोज दिवेलागणीले हा सेट घेऊन बसतो मी. नरहरी माझं नाव घेते. मी म्हणतो, हजर आहे रे बाबा, बोलून राहिलो. अन् तो म्हणते, 'नाही? ठीक.' अन् पुढं जाते! काहून? मी मेलो का?"

इंदूताई त्यांच्या जवळ जाऊन बसल्या.

"भाऊ, तुम्ही खरंच बोलता? रोज?"

"कालसुद्धा बोललो," नीलकंठराव म्हणाले.

२

फोन का केला नाही, या प्रश्नाला नीलकंठरावांकडे एकच उत्तर होतं. "पहिले मी करू? भांडण त्यानं काढलं."

भांडण मोठं नव्हतं, पण म्हातारपणी लहान भांडणंच जास्त लागतात. संध्याकाळची हजेरी पूर्वी नीलकंठराव घ्यायचे. डोळे अधू झाले तशी नावं सुटू लागली, दोनदा घेतली जाऊ लागली. एक दिवस नरहरी म्हणाले, आता तू आराम कर, मी घेतो. नीलकंठरावांना वाटलं, खुर्ची पळवली. तोंडाला येईल ते बोलले.

"त्याच्यावरून सगळ्यांनी वाळीत टाकलं मले. ठीक आहे. परवा सकाळी गाडी येऊन राहिली. अमरकंटकले आश्रमात जातो. तिथं बोलणारे नाहीत, पण न बोलणारेही आपले नाहीत. दुःख कमी."

शर्मिष्ठा चहा घेऊन दारात उभी होती.

इंदूताईंनी डोकं शांत ठेवलं. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या दूरसंचार खात्यात गेली होती. बिघाड शोधताना माणसाचं मन आधी बाजूला ठेवायचं, हे अंगवळणी पडलेलं. त्यांनी पिशवीतून आपला सेट काढला.

"भाऊ, बटण दाबून बोला बरं काही."

"काय बोलू?"

तेच शब्द इंदूताईंच्या सेटमधून खणखणीत उमटले. म्हणजे सेट मुका नव्हता. निदान या खोलीपुरता तरी.

"हल्ली गरम होते तो हातात," नीलकंठराव म्हणाले. "तव्यासारखा."

इंदूताईंनी मान डोलावली. आवाज सेटमधून निघतो, पण वर जायला वाट मिळाली नाही की मागे फिरतो आणि सेट तापतो. वाट कुठली? छतावर उंच खांब, त्यावर अँटेना. तिथून जाड केबल खाली भिंतीपर्यंत. आणि भिंतीपासून सेटपर्यंत हातभर लांबीची एक जोडवायर, जिच्या एका टोकाला अंगठ्याएवढा जाड प्लग आणि दुसऱ्या टोकाला करंगळीच्या नखाएवढा बारीक. सेटची स्वतःची रबरी अँटेना केव्हाच हरवलेली, त्यामुळं सगळा भार या वाटेवर.

"याला कोणी हात लावला होता का?"

"कोण लावेल? खंडेनवमीले मीच पुसला. सेट, पकड, प्लग, सगळ्याची पूजा केली. ही होती तेव्हा हळदकुंकू वाहायची. ती गेल्यापासून त्या करंड्याले मी हात लावला नाही. आपलं गंध अन् अक्षता. दुसऱ्या दिवशी दसरा. यशोधन सुट्टीवर आला होता. सोनं द्यायले नरहरी आला, याच खुर्चीवर बसला, तोंड वाकडं करून. तो केबलवाला शिशिरही येऊन गेला. अन् त्याच संध्याकाळपासून हे सुरू झालं."

इंदूताईंनी भिंतीशी पिशवीतली आपली जोडवायर लावली, आपला सेट जोडला आणि बीरगांवला फोन करून नरहरींना सेटवर यायला सांगितलं. नरहरींचा आवाज स्वच्छ आला, इंदूताईंचा तिकडं पोचला. खांब ठीक, केबल ठीक. आता उरली ती हातभर वायर.

बारीक प्लगाचा पितळी नट चांगला घट्ट बसलेला होता. त्यावर हळदकुंकवाचं बोट वाळून राहिलं होतं. इंदूताईंनी तो फिरवून सोडवला आणि तळहातावर घेतला.

"काकू, परत लावताना तिरपा नका फिरवू, आटे जातील," शर्मिष्ठा दारातून पटकन म्हणाली.

"तिले काय समजते रेडिओतलं," नीलकंठराव पुटपुटले. ती आत वळली.

इंदूताईंनी प्लग उजेडात धरला. नटाच्या आत मधोमध सुईसारखी बारीक पिन असायला हवी. सेटच्या तोंडात खळगी, प्लगाला पिन. पिन खळगीत शिरली की आवाजाला वाट मिळाली. इथं पिनेच्या जागी खळगीच होती. खळगीसमोर खळगी. आटे आट्यांत छान बसत होते, बोटाला सगळं घट्ट लागत होतं, आणि आत काहीच कशाला शिवत नव्हतं. जोरदार स्टेशनचा आवाज अशा फटीतूनही झिरपून येतो. म्हणून नीलकंठरावांना इतरांचं ऐकू येई. त्यांचा दुबळा आवाज मात्र आतच राही.

पिन तुटलेली नव्हती. ती कधी नव्हतीच. हा प्लग तसाच घडवलेला होता.

"भाऊ," इंदूताई हळूच म्हणाल्या, "ही तुमची वायर नाही. कोणीतरी बदलली."

३

नीलकंठरावांनी एका क्षणात निकाल दिला. "नरहरी!"

"असं एकदम नाव घेऊ नये."

"मग कोण? त्याच खुर्चीवर बसला होता. माझं तोंड दाबून मग रोज माझं नाव पुकारून राहिला. लोकांले दाखवायले!"

इंदूताईंनी आपली वायर त्यांना देऊ केली. आज संध्याकाळी बोला, सगळं निवळेल. म्हाताऱ्यानं हात झटकला. "अन् बोलू कोणाशी? ज्यानं गळा दाबला त्याच्याशीच? ठेवा तुमच्यापाशी. मी परवा जातो."

आता वायर बदलून भागणार नव्हतं. कोणी केलं हे सापडलं नाही, तर हा माणूस आयुष्यभराच्या मित्राला गुन्हेगार ठरवून कायमचा निघून जाणार होता.

शिशिरचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. केबल टीव्ही, इंटरनेट, कॅमेरे. भिंतीवर वायरींची भेंडोळी जानवी टांगावीत तशी टांगलेली. इंदूताईंनी प्लग काउंटरवर ठेवला.

"अरे दीदी, हे तर राउटरवालं आहे. वायफायची अँटेना छतावर लावायची असली की हीच वायर लागते." त्यानं भेंडोळ्यातून तशीच एक ओढून दाखवली. "दिखने में सेम टु सेम. कंपनीवाल्यांनी मुद्दाम उलटी बनवली, दुसरी अँटेना कोणी जोडू नये म्हणून. कितनी बार लोग ग़लत ले जाते हैं!"

"तू दसऱ्याला नीलकंठरावांकडे गेला होतास."

शिशिरचा चेहरा उतरला. "हव, गेलो होतो. सोनं द्यायला. काकांनी त्यांच्या खांबावरून माझी वायर ओढून फेकली होती, राग होता मनात. लेकिन दीदी, बुजुर्ग आदमी का बोलना कोई चुराता है क्या? वायर कापली असती मी फार तर. दिवसाढवळ्या."

त्याचं म्हणणं इंदूताईंना पटलं. पण तो पुढं जे बोलला त्यानं त्या थबकल्या.

"अशी एक वायर दसऱ्याच्या आधी यशोधन भैया घेऊन गेले होते ना! बोले, पीछे आँगन में नेट नहीं आता."

यशोधन म्हणजे नीलकंठरावांचा मुलगा. ओडिशातल्या खाणीवर नोकरीला. बायकोला वडिलांपाशी ठेवून सणासुदीला तेवढा यायचा. वडिलांचा तो खांब त्याला डोळ्यांसमोर नको असे, हे साऱ्या पाऱ्याला, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याला, माहीत होतं. इंदूताईंनी तिथूनच त्याला फोन लावला.

"हाँ आंटी, वायर आणली होती. अँटेना नंतर आणू म्हणालो, फिर छुट्टी ख़त्म. वायर? टेबलवर ठेवली असेल. खांब? खांब मी काढणारच होतो, पण बाबांना सांगून काढला असता. चोरून कशाला?" मग एकदम आवाज खाली. "बाबा सचमुच जा रहे हैं क्या?"

"परवा," इंदूताई म्हणाल्या.

तिकडून फोन ठेवला गेला.

म्हणजे उलटी वायर दसऱ्याच्या दिवशी उघड्या टेबलावर पडलेली होती, आणि जो आला त्याच्या हाताशी होती.

बीरगांवात नरहरी अंगणात उन्हाला बसले होते. शेजारच्या घरांतून कारखान्याच्या पाळीवर निघालेली माणसं त्यांना ओळख देत नव्हती. सगळी नवी होती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

"तो रोज बोलत होता?"

"रोज."

"इंदूबाई, बाकीच्यांचं नाव मी एकदा घेतो. त्याचं दोनदा घेतो. तुमच्या ध्यानात आलं का कधी?"

ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"दसऱ्याले माफीच मागायले गेलो होतो. सोनं हातात दिलं. म्हटलं, आता बोलू. त्यानं तोंड फिरवलं अन् माझ्या तोंडचं तोंडातच राहिलं. हा असा उलटा प्लग असते, हे मले माहीत आहे. नाही कसं म्हणू? पण मीच त्याचं तोंड बंद केलं असतं, तर रोज त्या खरखरीवर कान लावून बसलो असतो का?"

त्यांनी डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

इंदूताई उठल्या. तिघांपाशी संधी होती, तिघांपाशी कारण होतं, आणि तिघांतला एकही मनाला पटत नव्हता. दिवेलागण व्हायच्या आत त्या घरी पोचल्या, दिवा लावला आणि मौनात बसल्या. नरहरींनी त्या संध्याकाळी हजेरी घेतलीच नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा तात्यापाऱ्यात गेल्या. नीलकंठराव आंघोळीला गेले होते. बॅग आता पूर्ण भरलेली, चेन ओढलेली होती.

शर्मिष्ठेनं त्यांना स्वयंपाकघरातच पाट दिला. ओट्यावर दोन माणसांचा स्वयंपाक, त्यातला एकाचा बहुतेक उरणारा. कुकरची शिट्टी झाली तशी ती दचकली.

"कळलं का काकू, कोण ते?"

"नाही गं. तुझा दिवस कसा जातो इथं?"

हा प्रश्न तिला कोणी विचारला नसावा. तिनं आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाली, "जातो."

"बोलायला कोण आहे?"

"हे फोन करतात की. नेट असलं तर."

फार काही निघालं नाही. इंदूताईंचं एकभुक्त होतं, चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. त्या निघायला उठल्या. घरी आलेली बाई निघाली की तिला कुंकू लावायचं, या रीतीनं शर्मिष्ठेचा हात आपसूक देवघराच्या कोनाड्यातल्या करंड्याकडं गेला. झाकण निघालं, अनामिका कुंकवात बुडाली, आणि मग तिला इंदूताईंचं मोकळं कपाळ दिसलं. हात हवेतच राहिला.

"चुकलं काकू. सवयीनं..."

"राहू दे गं. हाताला काय कळतं," इंदूताई म्हणाल्या, आणि तिच्या त्या लाल बोटाकडं बघतच राहिल्या.

हाताला काय कळतं! तो सवयीनंच जातो.

त्या परत पाटावर बसल्या.

"शर्मिष्ठा, तुझ्या सासऱ्यांनी खंडेनवमीला प्लगावर गंध लावलं. हळदकुंकवाला ते हात लावत नाहीत. मी काढला त्या प्लगावर हळदकुंकू होतं."

तिनं करंड्याचं झाकण लावलं.

"फसवायला बसलेल्या माणसानं नकली प्लग एक तर कोरा ठेवला असता, नाही तर गंध लावून हुबेहूब केला असता. हे बोट फसवायला लावलेलं नाहीच. दसऱ्याच्या दिवशी घरात नवी वस्तू लागली, तिला हळदकुंकवाशिवाय ठेवायचं कसं, असं ज्या हाताला वाटतं, त्या हातानं ते लावलं. नरहरी असं करणार नाहीत, शिशिरही नाही. यशोधनला करंडा कुठं असतो हे तरी ठाऊक आहे का? या घरात करंडा एकटी तू उघडतेस."

कुकरची वाफ निवत होती.

"आणि आटे जातील म्हणालीस. ज्याला त्यातलं कळत नाही तो आटे म्हणत नाही."

शर्मिष्ठा ओट्याला टेकली. बराच वेळ ती बोट पदराला पुसत राहिली. पुसून झाल्यावरही.

"लग्नाआधी दुर्गला दुकानात होते मी," ती म्हणाली. "कॅमेरे, राउटर, वायरी. काउंटर माझ्याकडे. ही उलटी वायर लोक चुकीची न्यायचे नि भांडायला परत यायचे. यांनी आणली तेव्हा टेबलवर बघितली, हात लावून बघितला, नि मनात आलं. तोपर्यंत नव्हतं हो मनात. खरंच नव्हतं."

"का केलंस?"

"दिवेलागणीला देवापाशी दिवा लावून मी त्यांच्या खोलीत जायची. म्हणायची, बाबा, चहा टाकू? ते हात वर करायचे, थांब म्हणून. मग नरहरीकाकांचे गुडघे. मग तुमची भाजी." ती एकदम हसली, आणि ते हसू या वेळी तिनं आवरलं नाही. "काकू, तुम्ही कोहळ्याची भाजी केली की मला भिंतीपलीकडून कळायचं. बाबा विचारायचे तुम्हाला, चिंच घातली की गूळ? मी काय केलं होतं ते त्यांना ताटात बघूनही सांगता आलं नसतं."

रोजची ती कोहळ्याची, दोडक्याची भाजी इंदूताई मोठ्या प्रेमानं सांगत आल्या होत्या. भिंतीपलीकडं कोणी उभं असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"वाटलं, सेट बंद पडला की माझ्याशी बोलतील. थोडे दिवस. पण ते तर पार मिटूनच गेले. परत लावायला गेले, तर सेट मांडीवर घेऊन बसलेले, सोडेचनात. नंतर म्हणायला लागले, मित्रांनी वाळीत टाकलं. मग माझा धीरच होईना. नि आता बाबाही चालले. म्हणजे मी..."

"त्यांची खरी वायर कुठाय?"

तिनं देवघराच्या खालचा खण उघडला. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली वायर बाहेर काढली. प्लगावर वाळलेलं गंध, एक अक्षत चिकटलेली.

"पूजेची वस्तू. फेकवेना."

न्हाणीघराचं दार वाजलं.

"मी काही सांगणार नाही," इंदूताई हळू आवाजात म्हणाल्या. "तू गप्प बसलीस तर ते उद्या नरहरीला शिव्या देत जातील, आणि तो बिचारा त्या ओझ्याखाली मरेल. तू सांगितलंस तर काय होईल ते मला माहीत नाही. आता तू बघ."

५

नीलकंठराव खुर्चीवर येऊन बसले होते. अंगाला ओल्या साबणाचा वास. शर्मिष्ठा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिनं फडकं सोडून वायर त्यांच्या तळहातावर ठेवली.

म्हाताऱ्यानं बोटांनी नट चाचपला, आतली पिन नखाच्या टोकानं शोधली, कथलाचा डाग देऊन वायर जिथं जोडली होती तिथं अंगठा फिरवला. "माझी आहे ही. मीच डाग दिला होता, डोळे होते तवा." मग मान वर केली. "सापडली ना? कोणापाशी होती? नरहरीच्या..."

"माझ्यापाशी, बाबा."

"तुझ्यापाशी कशी आली?"

"मीच काढली होती. दसऱ्याला. नि ती दुसरी लावली."

इंदूताई दाराशी उभ्या होत्या. वर पंखा फिरत होता. खाली गल्लीत कोणीतरी भाजीचा भाव करत होतं, ते अक्षरनअक्षर ऐकू येत होतं.

नीलकंठरावांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. जे आलं तेही भलतंच. "तुले कसं माहीत, हा उलटा प्लग असते म्हणून?"

"दुर्गच्या दुकानात विकायची मी. लग्नाआधी."

"कोणतं दुकान? मले कोणी सांगितलं नाही."

"कोणी विचारलं नाही, बाबा."

ते पुटपुटले, "प्लगातलं समजते तिले," जणू खोलीतल्या कुणा तिसऱ्याला सांगत होते. आणि मग राग आला. एकदम, सगळा.

"म्हणजे नरहरी रोज मले खरीच हाक मारत होता?"

"हो."

"अन् मी उत्तर देऊन राहिलो होतो, गळा फुटेस्तवर, अन् ते कोणाले पोचत नव्हतं! तुले ते माहीत होतं, अन् तू पोळ्या लाटून राहिली होती! अगं, माणूस बोलून राहिला अन् कोणी ऐकतच नाही, हे कसं वाटते तुले माहीत आहे का?"

"माहीत आहे," शर्मिष्ठा म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून."

तिनं ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं. तरी नीलकंठराव थोबाडीत बसल्यासारखे मागं झाले.

त्यांनी वायर मांडीवर ठेवली. सेटकडं हात गेला नाही. दिसत नसलेले डोळे त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेला लावले, सेटवर एखादं दुबळं स्टेशन पकडायला मान कलती करून बसत, तशी मान कलती केली.

"रोज काय सांगायला यायची तू? दिवेलागणीले?"

"चहा टाकू का विचारायला."

"चहाचं नाही म्हणून राहिलो मी."

ती रडू लागली. म्हाताऱ्यानं तिला रडू दिलं, समजूत काढली नाही. ती कशी काढतात हे त्यांना ठाऊक नसावं.

"नरहरीले मी फोन करीन," ते अखेर म्हणाले. "पहिले मीच करीन, अन् वाटेल तितक्या शिव्या खाईन. अन् तुले मी माफ-बिफ केलं नाही, हे ध्यानात ठेव. असं करते का कोणी?"

"नाही, बाबा."

"अमरकंटकले जाणार म्हणजे जाणार मी."

"हो." तिनं डोळे पुसले. "उद्या सकाळचा डबा..."

"उद्या कुठं म्हणतो मी?"

"मग कधी?"

"तुझं सांगून झालं की," नीलकंठराव म्हणाले. "बस तिथं. पहिलेपासून सांग."

इंदूताईंनी चपला हातातच उचलून घेतल्या, वाजू नयेत म्हणून. त्या गेल्याचं दोघांनाही कळलं नाही. जिना उतरताना त्यांना वरून शर्मिष्ठेचा आवाज ऐकू आला. सुरुवात कुठून करावी हे तिला बहुतेक उमगलं नसावं, कारण ती दुर्गच्या दुकानाच्या शटरबद्दल सांगत होती, ते सकाळी दोघींनी मिळून ओढल्याशिवाय कसं उघडत नसे ते.